हलकी बॅटरी आणि जड जबाबदारी

गेल्या पावसाळ्यात एके दिवशी आठवीच्या वर्गात तरफेचा पाठ चालला असता मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्याने उभे राहून आम्हांस प्रश्न केला, "सर, मुंबईच्या एका गृहस्थांनी घराच्या गच्चीवर विमान बांधले, हे खरे ना? मग उद्या आपण बांधले, तर त्यात शिशाची जड बॅटरी कशाला घालायची? लिथियमची घालू. तिचे वजन तिसऱ्या हिश्शाइतकेच असते." वर्गात हशा पिकला. आम्हांस मात्र हसू आले नाही. प्रश्न विचारपूर्वक केलेला होता, आणि त्याचे उत्तर एका तासात संपण्यासारखे नव्हते.

पुढे सहामाही परीक्षेनंतर पालकांची सभा भरली. तीत एका पालकांनी दुसराच प्रश्न केला, "सर, ते विमानाच्या नमुन्यांचे मंडळ शाळा पुन्हा सुरू करणार असे ऐकतो. मागच्या खेपेस काय झाले, ते आपण विसरलात काय?" हा प्रश्नही योग्यच होता. वरवर पाहता हे दोन प्रश्न एकमेकांपासून फार दूर आहेत. एक उत्साहाचा आहे, दुसरा काळजीचा. परंतु विचार करता करता आमची अशी खात्री झाली की, दोहोंचे उत्तर एकच आहे. तेच उत्तर विद्यार्थी व पालक ह्या उभयतांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

विद्यार्थ्याने ऐकलेली गोष्ट खरी आहे. मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात राहत्या इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव ह्यांनी सहा आसनांचे विमान बांधले. हे गृहस्थ व्यवसायाने वैमानिक. त्यांचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातले. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईस भरलेल्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते विमान हजारो लोकांनी डोळ्यांनी पाहिले. तथापि पाहणे निराळे आणि उडविण्याची परवानगी मिळणे निराळे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्याची नोंदणी नोव्हेंबर २०१७ मध्ये केली आणि 'व्हीटी-एनएमडी' ही अक्षरे त्यास मिळाली. त्यापुढील चाचण्या आपल्या शेजारच्या धुळ्याच्या धावपट्टीवर झाल्या. गच्चीवरील पहिल्या रिव्हेटापासून धुळ्याच्या धावपट्टीपर्यंतचा हा मार्ग पुष्कळ वर्षांचा होता, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

ह्याच मुंबईत १८९५ साली चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे ह्यांनी विमान उडविले, अशी एक कथा आपल्याकडे अभिमानाने सांगतात. अभिमान वाईट नव्हे. परंतु त्या यंत्राचे वजन किती, त्यास शक्ती कोणती, ते किती अंतर गेले, ह्यांची त्या वेळची विश्वसनीय नोंद कोणी पुढे ठेवीत नाही. दंतकथेस वजन नसते, विमानास असते. जो कोणी विमान बांधू इच्छितो, त्याने प्रथम तराजू विकत घ्यावा असे आम्हांस वाटते.

तराजूचे हे महत्त्व राइट बंधूंनी पुरते ओळखले होते. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचे विमान पहिल्या खेपेस १२ सेकंद हवेत राहिले व १२० फूट गेले. त्यांच्या इंजिनाची शक्ती सुमारे १२ अश्वशक्ती. इंजिन सुरू करण्यासाठी त्यांनी बॅटरी वापरली. पण ती विमानावर चढविली नाही. इंजिन सुरू झाले की बॅटरी व तिची वेटोळ्याची पेटी जमिनीवरच ठेवून द्यावयाची, आणि पुढील ठिणग्या विमानावरील लहानशा मॅग्नेटोने पुरवावयाच्या, अशी त्यांची योजना होती. म्हणजे विमानातील बॅटरीचे वजन कसे टाळावे, हा प्रश्न विमानाच्या पहिल्या दिवसापासून चालत आलेला आहे. आमच्या विद्यार्थ्याने तोच विचारला, एवढेच.

आज घरी बांधलेल्या विमानास बॅटरी जमिनीवर ठेवून जाता येत नाही. इंजिन सुरू करणे, बिनतारी संभाषण, दिवे, दिशा व उंची दाखविणारे विजेचे पडदे, आणि कित्येक इंजिनांत तर ठिणगी व इंधनाचा पुरवठाही, हे सर्व विजेवर अवलंबून असते. मग ती वीज कशात साठवावी? फ्रान्समधील गास्तों प्लांते ह्यांनी १८५९ साली शिसे व गंधकाम्ल ह्यांची बॅटरी सिद्ध केली. तीच थोड्याफार फरकाने आपल्या मोटारींत आजही दिसते. तिच्या एका घटात सुमारे २ व्होल्ट, असे ६ घट मिळून १२ व्होल्ट. लहान विमानात वापरण्याजोगी अशी बंदिस्त बॅटरी सुमारे ७ किलो वजनाची असते. उलटपक्षी लिथियम, लोह व फॉस्फेट ह्यांच्या एका घटात सुमारे ३.२ व्होल्ट असतात. ४ घटांत काम भागते, आणि इंजिन फिरविण्याचे तेच काम करणारी बॅटरी अडीच किलोच्या आत बसते. ह्या जातीच्या घटाचा शोध जॉन गुडइनफ ह्यांच्या टेक्सासमधील प्रयोगशाळेत गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात लागला. लिथियमच्या बॅटऱ्यांवरील कार्याबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो ह्या तिघांस २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

साडेचार किलोंची बचत म्हणजे काय मोठेसे, असे पालकांपैकी कोणी म्हणेल. बाजारातून भाजीची पिशवी आणणाऱ्यास ती बचत क्षुल्लक आहे. विमान बांधणाऱ्यास नाही. तो एकेका पत्र्यास भोके पाडून वजन घटवीत असतो, रंगाचा एक हात कमी देतो, आसनाची गादी पातळ करतो. डिसेंबर १९८६ मध्ये 'व्हॉयेजर' नावाचे विमान कोठेही न उतरता व वाटेत इंधन न घेता ९ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. त्याच्या रिकाम्या देहाचे वजन सुमारे १ टन आणि पोटातील इंधन सुमारे ३ टन होते. अशा हिशेबाने चालणाऱ्यास एका वस्तूत साडेचार किलो वाचल्यास आनंद होणारच. तेव्हा आमच्या विद्यार्थ्याची सूचना मूर्खपणाची मुळीच नव्हती. प्रश्न एवढाच की, जड बॅटरी काढून तिच्या जागी हलकी ठेवली म्हणजे काम संपले काय?

येथे तरफेचा पाठ उपयोगी पडतो. समजा, चालकासह एका लहान विमानाचे वजन ५०० किलो आहे, आणि बॅटरी गुरुत्वमध्याच्या पुढे १ मीटर अंतरावर, इंजिनाजवळ बसविलेली आहे. तेथील साडेचार किलो काढले. वजन व अंतर ह्यांचा गुणाकार ४.५, त्यास उरलेल्या ४९५.५ किलोंनी भागिले असता गुरुत्वमध्य सुमारे ९ मिलिमीटर मागे सरकतो. हे अंतर करंगळीच्या जाडीहूनही कमी आहे. परंतु लहान विमानात गुरुत्वमध्यास पुढेमागे सरकण्याची जी मुभा असते ती बहुधा वीतभरच. आणि तीत चालक, प्रवासी, सामान व इंधन ह्या सर्वांनी आपापला वाटा आधीच घेतलेला असतो. मर्यादेपलीकडे मागे भार गेलेले विमान नाक वर करू पाहते, त्याचा वेग मंदावतो, पंखावरील हवेचा प्रवाह तुटतो, आणि ते गिरक्या घेऊ लागले तर त्यास सावरणे अतिशय कठीण जाते. बॅटरी शेपटीकडे ३ मीटरांवर असती, तर तेच साडेचार किलो काढल्याने गुरुत्वमध्य २७ मिलिमीटर पुढे आला असता. वजन तेच, जागा बदलताच परिणाम तिप्पट व उलट दिशेस. म्हणून हलकी बॅटरी बसविणाऱ्याचे पहिले काम पाना हाती घेण्याचे नसून विमान पुन्हा तोलण्याचे व नवा आकडा वहीत लिहिण्याचे आहे.

दुसरी गोष्ट बॅटरी भरण्याची. इंजिन चालू असता आल्टर्नेटर हे यंत्र वीज उत्पन्न करून बॅटरी भरीत असते, आणि रेग्युलेटर तिचा दाब सुमारे १४ व्होल्टांच्या आसपास राखतो. रेग्युलेटर बिघडला तर हा दाब १६ व्होल्टांवरही चढतो. शिशाची बॅटरी असा अत्याचार काही काळ सहन करते. तिचे पाणी उकळते, दुर्गंध सुटतो, चालकास सूचना मिळते. लिथियमच्या चार घटांची सहनशक्ती सुमारे १४.६ व्होल्टांशी संपते. म्हणून दाब वाढताच आल्टर्नेटर आपोआप तोडणारी योजना विमानात असलीच पाहिजे. शिवाय रिकामी झालेली लिथियमची बॅटरी तहानलेल्या जनावराप्रमाणे एकदम पुष्कळ वीज ओढून घेते. लहान आल्टर्नेटर त्यामुळे तापतो. तो किती देऊ शकतो व ती किती घेऊ शकते, हे दोन आकडे आधी जुळवून पाहावे लागतात.

चांगल्या लिथियम बॅटरीच्या पोटात एक लहानसे विद्युत्‌मंडळ बसविलेले असते. ते प्रत्येक घटावर नजर ठेवते व गरज पडल्यास बॅटरीच तोडून टाकते. कारखानदार त्यापासून एक तार बाहेर काढून देतात, ती चालकासमोरील दिव्यास जोडण्यासाठी. हा दिवा लावण्याचा कंटाळा करणारे लोक आहेत. 'आत मंडळ आहे ना, मग दिवा कशाला?' असे ते म्हणतात. परंतु पहारेकरी ठेवावयाचा आणि त्याची हाक ऐकू येऊ नये म्हणून दार लावून घ्यावयाचे, हा कोठला शहाणपणा?

तिसरी गोष्ट उष्णतेची व थंडीची. आपल्या जिल्ह्यात निफाडास हिवाळ्यात पारा कधीकधी ५ अंशांखाली जातो, हे द्राक्षाच्या प्रत्येक बागाईतदारास ठाऊक आहे. अशा पहाटे लिथियमची बॅटरी पहिल्या झटक्यास इंजिन फिरविण्यास कां कूं करते. शून्य अंशाखाली तर तिला भरूच नये, भरल्यास आतून कायमची इजा होते. आणि आकाशात दर हजार मीटरांस तपमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते. उलट इंजिनाच्या कोठडीत उन्हाळ्याच्या दुपारी उष्णता इतकी साचते की तेथे लिथियमची बॅटरी ठेवणे धोक्याचे. म्हणून तिची जागा इंजिनाच्या धगीपासून दूर निवडावी, नाहीतर तिच्यावर बाहेरची गार हवा खेळवावी.

चौथी गोष्ट सर्वांत बारीक, आणि आमच्या मते सर्वांत बोधप्रद आहे. शिशाची बॅटरी म्हाताऱ्या बैलासारखी असते. तिची शक्ती संपत आली की ती महिना दोन महिने आधी कण्हू लागते. इंजिन आळसाने फिरते, दिवे मंद होतात, आणि धनी समजतो की आता हिची सुटका केली पाहिजे. लिथियमच्या बॅटरीचा दाब जवळजवळ अखेरपर्यंत एकसारखा राहतो व मग एकाएकी कोसळतो. केवळ व्होल्ट मोजून तिच्यात किती शक्ती उरली हे कळत नाही. तेव्हा वर्षातून एकदा तिला मुद्दाम रिकामी करून, तिने किती वीज दिली ते मोजून लिहून ठेवणे भाग पडते. गुणी वस्तू तक्रार करीत नाही. म्हणून तिची चौकशी आपणच करावी लागते. घरातील गुणी माणसांविषयीही हेच खरे आहे, परंतु तो विषय निराळा.

आता अग्नीविषयी. लोह-फॉस्फेट जातीची बॅटरी लिथियमच्या इतर जातींहून शांत स्वभावाची आहे, हे खरे. पण तिच्यातील द्रव ज्वलनशीलच आहे, आणि फार तापल्यास ती धूर व ज्वालाग्राही वायू ओकते. जमिनीवरील गाडीस आग लागली तर माणूस उडी मारतो. आकाशात उडी मारण्यास जागा नाही. जानेवारी २०१३ मध्ये बोइंग ७८७ ह्या नव्या विमानांच्या बाबतीत हा अनुभव जगास आला. ७ जानेवारीस बोस्टन येथे उभ्या असलेल्या एका विमानातील लिथियमची बॅटरी पेटली. १६ जानेवारीस जपानात दुसरे विमान बॅटरीतील बिघाडामुळे ताकामात्सु येथे तातडीने उतरवावे लागले. त्या बॅटऱ्या कोबाल्ट जातीच्या होत्या. जगातील त्या जातीची सर्व विमाने महिनोन्महिने जमिनीवर राहिली. पुढे एप्रिलात जो उपाय मान्य झाला त्यात घटांची रचना सुधारली, बॅटरी पोलादी पेटीत बंद केली आणि धूर थेट विमानाबाहेर सोडणारी नळी जोडली. पेटीचे वजन विमानावर चढले, आणि ते चढविणे सर्वांस मान्य झाले. हलकेपणाची किंमत कशी द्यावी लागते, ह्याचे ह्याहून उघड उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

आमच्या मताचा गाभा हाच आहे. हलकी बॅटरी घेणे म्हणजे केवळ वजन टाकणे नव्हे. जे वजन आपण विमानातून काढतो त्याच्या बदली काहीतरी ठेवावे लागते: तोडणारी योजना, सूचनेचा दिवा, पेटी, नळी, नोंदवही, आणि दरवर्षीची तपासणी. ह्या सर्वांचे मिळून वजन किलोभरही भरत नसेल, परंतु चित्तावर त्यांचा भार मोठा असतो. तो भार ज्यास नको असेल, त्याने खुशाल शिशाची बॅटरी घालावी. जड बॅटरी ही मागासलेपणाची खूण नव्हे. सामग्री व सवड नसलेल्या मनुष्याने तिची निवड केली तर आम्ही त्यास शहाणा म्हणू. निंद्य आहे ती तिसरीच तऱ्हा, म्हणजे हलक्या बॅटरीचा लाभ घ्यावयाचा आणि तिची जबाबदारी जड वाटते म्हणून सोडून द्यावयाची.

ही तिसरी तऱ्हा आम्ही परक्यांवर ढकलीत नाही. ती आमच्याच हातून घडलेली आहे, आणि पालकांचा प्रश्न तिच्याचविषयी होता. सहा वर्षांपूर्वी विज्ञान प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी आमच्या मंडळातील मुलांचे नमुन्याचे विमान मैदानावर नाकावर आपटले. आतील लिथियमच्या बॅटरीस एका कोपऱ्यात पोचा आला होता. बाकी ती धडधाकट दिसत होती. दुसरी बॅटरी आणण्यास वेळ नव्हता. मुलांचे चेहरे उतरलेले आम्हांस पाहवेनात. आम्ही तीच बॅटरी, तिच्यासाठी नसलेल्या एका चार्जरला जोडून, प्रयोगशाळेच्या टेबलावर ठेविली आणि चहास गेलो. वीस मिनिटांत शिपायाची हाक ऐकू आली. बॅटरी फुगून पेटली होती. शिपायाने प्रसंगावधान राखून ती फावड्याने वाळूच्या बादलीत ओढली. पण तत्पूर्वी ती उचलू पाहणाऱ्या एका मुलाची दोन बोटे भाजली. बोटे बरी झाली. टेबलावर पंजाएवढा काळा डाग राहिला. सुतार रंधा मारून देतो म्हणाला. आम्ही नको म्हटले.

सर्वांत लाजिरवाणी गोष्ट पुढेच आहे. मार लागलेली बॅटरी पुन्हा भरू नये, आणि भरताना तिला एकटी सोडू नये, ह्या दोन्ही सूचना वेष्टनावर छापलेल्या होत्या, आणि आम्ही त्या वाचलेल्या होत्या. अज्ञानाने हे घडले नाही, घाईने घडले. विचारणारे दुसरे कोणी नव्हते, म्हणून घडले. शास्त्राची पदवी हाती असलेल्या मनुष्याकडून हे झाले, एवढ्यावरून पदवी ही सावधगिरीची जागा घेत नाही, असे विद्यार्थ्यांनी समजावे. मंडळ बंद झाले, ते योग्यच झाले.

ओझरचा कारखाना आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी बोलण्याचा विषय आहे; काही विद्यार्थ्यांचे वडील व आजोबा तेथे नोकरीस आहेत वा होते. १९६४ साली स्थापन झालेल्या ह्या कारखान्यात मिग विमाने झाली, पुढे सुखोई झाली, आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी येथे जुळविलेले पहिले तेजस मार्क १-ए विमान ओझरच्या धावपट्टीवरून आकाशात गेले. विमानाच्या कारखान्याची शिस्त अशी की, एकाने बसविलेला बोल्ट दुसरा तपासतो व सही करतो. पहिला कितीही कसबी असला तरी दुसऱ्याची सही चुकत नाही. ही शिस्त अविश्वासाची नव्हे. मनुष्यास स्वतःची चूक दिसत नाही, एवढे ओळखून ती घातलेली आहे.

घरी विमान बांधणाऱ्याची खरी अडचण हीच. कारागीर तोच, तपासनीसही तोच. तार सैल राहिली आहे हे त्यास रात्री अकरा वाजता दिसते, आणि 'उद्या पाहू' असे त्याचा तपासनीस त्याच्या कारागिरास म्हणतो. कॅप्टन यादवांच्या विमानास परवानगीसाठी जी वर्षे लागली, त्यांबद्दल वृत्तपत्रांतून सरकारी दिरंगाईवर पुष्कळ टीका झाली, आणि विनाकारण दडपून ठेवलेल्या कागदाचे समर्थन आम्ही करणार नाही. परंतु दुसऱ्याच्या सहीची अट हीच मुळात जाच आहे, असे जे तरुण समजतात, त्यांस आम्ही आमचे टेबल दाखवू. त्या दिवशी आमच्या हातातील बॅटरीवर दुसऱ्या कोणाची सही हवी असती, तर ते मूल भाजले नसते.

आता पालकांस आमची विनंती. मंडळ बंद ठेवले म्हणजे लिथियम घरातून जाते, असे नाही. ते आपल्या उशाशी भ्रमणध्वनीत आहे, दप्तरात आहे, अंगणातील विजेच्या दुचाकीत आहे. एप्रिल २०२२ मध्ये आपल्या नाशिकातच विजेच्या दुचाकी नेणाऱ्या एका कंटेनरास आग लागून त्यातील गाड्या जळाल्या, हे आपणांस आठवत असेल. ज्या वस्तूशी आपल्या मुलांचा जन्मभर संबंध येणार, ती वस्तू त्यांनी कोठे शिकावी? उशीखाली शिकावी, की वाळूच्या तबकावर, शिक्षकाच्या डोळ्यांदेखत? मनाई करणे सोपे आहे. पण मनाईने मुलास भीती तेवढी शिकविता येते, काळजी घेणे शिकविता येत नाही. आणि भीती ओसरली म्हणजे पाठीमागे काहीच उरत नाही.

म्हणून मंडळ पुन्हा सुरू करावे, असे आमचे मत आहे; मात्र पूर्वीप्रमाणे नव्हे. प्रत्येक बॅटरीस वहीत स्वतंत्र पान असावे: वजन, खरेदीची तारीख, किती वेळा भरली, काय अपघात झाला. मार लागलेली वा फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये, मग प्रदर्शन उद्यावर असो की आजवर. भरण्याचे काम उघड्यावर, तिच्याच चार्जरने, शिक्षक समोर बसलेले असतानाच व्हावे. नमुन्यात बॅटरी बसविल्यावर तो पुन्हा तोलावा आणि गुरुत्वमध्य कोठे आला ते लिहावे. आणि दुसऱ्या विद्यार्थ्याची सही झाल्याखेरीज कोणतेही विमान, ते वीतभर लांबीचे का असेना, मैदानावर जाऊ नये. हा नियम शिक्षकासही लागू असावा. किंबहुना शिक्षकास आधी. आमच्या कामावर आठवीतील मुलाने बोट ठेवले तर आम्ही रागावणार नाही, असे वचन आम्ही येथे छापून देत आहोत.

ज्या विद्यार्थ्याने पावसाळ्यात प्रश्न केला, त्यास उत्तर मिळाले असे आम्ही समजतो. बाळा, तू विमान बांधशील तेव्हा लिथियमची बॅटरी अवश्य घाल. त्याआधी विमान तोल, दाब तोडणारी योजना बसव, दिव्याची तार जोड, बॅटरी अशी घट्ट बांध की विमान हवेच्या गचक्यांत सापडले तरी ती जागची हलू नये, आणि मग तुझ्याहून चिकित्सक अशा मित्रास बोलावून म्हण, "ह्यात माझी चूक शोध." तो चूक शोधील तेव्हा वाईट वाटेल. वाटू दे.

जून महिन्यात शिक्षक-पालक संघाची सभा भरेल, तीत मंडळाचा प्रश्न पुढे येईल. पालकांनी तीस अगत्य यावे आणि मत देण्यापूर्वी प्रयोगशाळेत जाऊन खिडकीजवळचे दुसरे टेबल पाहावे. डाग आम्ही झाकलेला नाही. मंडळ पुन्हा सुरू झाले, तर नोंदवही त्याच टेबलावर ठेवावी, एवढी आमची इच्छा आहे.